लवाद म्हणजे कोण आणि त्याच्याकडे वाद न्यायचा कसा : कोकणातले बागायतदार, होडीमालक आणि घर बांधणाऱ्यांसाठी

आंब्याची बाग तीन वर्षांच्या कराराने दिली आणि दुसऱ्याच हंगामात रक्कम अडकली. ट्रॉलर तिघांत घेतला आणि इंजिनाच्या खर्चावरून हिशेब फिसकटला. चिऱ्याच्या घराचं कंत्राट दिलं, स्लॅब गळायला लागला म्हणून शेवटचा हप्ता थांबवला. असे वाद रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडे होतात. मग कोणीतरी म्हणतं, "कोर्टात नको, एखादा जाणता माणूस बसवू." विचार चांगला आहे. मात्र जाणत्या माणसाला नुसतं बसवलं आणि त्याला रीतसर लवाद नेमलं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्याचा निर्णय न पटलेली बाजू दुसऱ्या दिवशी उठून "मला मान्य नाही" म्हणू शकते. दुसऱ्याचा निवाडा कोर्टामार्फत वसूल करता येतो.

लवाद म्हणजे वादातल्या दोन्ही बाजूंनी लेखी संमतीने मान्य केलेली त्रयस्थ व्यक्ती. ती दोघांचं ऐकते, कागद आणि साक्षी तपासते आणि बंधनकारक निर्णय देते. त्या निर्णयाला निवाडा म्हणतात. याचा कायदा म्हणजे लवाद आणि समेट अधिनियम, १९९६. त्यात २०१५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्यामुळे जुन्या नमुन्यावरून करार उतरवून घेताना सावध राहा. लवादाचा अधिकार त्याच्या वयातून, पदातून किंवा गावातल्या मानातून येत नाही. तो फक्त दोघांच्या लेखी संमतीतून येतो. पुढे जे काही बिघडतं, त्यातलं बहुतेक हा कागद कच्चा राहिल्यामुळे बिघडतं.

कोण लवाद नाही

तंटामुक्त गाव समिती लवाद नाही. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. समितीचं काम समेट घडवण्याचं आहे, निकाल देण्याचं नाही. मध्यस्थही लवाद नाही. तो दोघांना बोलतं करतो, तोडगा सुचवतो, आणि सही करायची की नाही हे दोघांच्याच हातात राहतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत येते आणि तिच्यावर अपील नसतं. पण तिथेही दोघांनी तडजोडीला हो म्हणावं लागतं. दोघं बोलायला तयार असतील तर आधी हेच मार्ग वापरा, खर्च जवळपास शून्य येतो.

गावकीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गावकीने बसून दोघांची समजूत घालणं चांगलंच आहे. पण निर्णय मानला नाही म्हणून कोणाचं पाणी, वाट, देवळातला मान किंवा लग्नकार्यातलं येणं-जाणं बंद करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लवाद कोणावर बहिष्कार टाकू शकत नाही आणि कोणाला गावजेवणाचा दंडही लावू शकत नाही.

कोणता वाद लवादाकडे जातो, कोणता नाही

कराराच्या पैशांचा, हिशेबाचा, कामाच्या दर्जाचा, भागीदारीचा, पुरवठ्याचा आणि वाटणीचा वाद जातो. फौजदारी गुन्हा, घटस्फोट, मुलांचा ताबा, दिवाळखोरी, मृत्युपत्राचा प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणि भाडेनियंत्रण कायद्याखाली भाडेकरूला बाहेर काढण्याचा वाद जात नाही.

कोकणात तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिलं कूळकायद्याचं. अमुक माणूस जमिनीत कूळ आहे की नाही हा प्रश्न तहसीलदारांपुढेच सुटतो. दोघांनी मिळून लवाद नेमला तरी त्याला तो अधिकार येत नाही. दुसरं देवस्थानाचं. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांचे वाद धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तिसरं सहकारी संस्थांचं. राज्याच्या सहकार कायद्याखालच्या पतसंस्थेचा किंवा मच्छीमार सोसायटीचा सभासदाशी वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. बहुराज्य पतसंस्थेचा वाद मात्र २००२ च्या कायद्याच्या कलम ८४ खाली लवादाकडे जातो, आणि तो लवाद नेमायचा अधिकार त्या कायद्याने केंद्रीय निबंधकांना दिला आहे. पतसंस्थेची नोटीस आली की ती कोणत्या कायद्याखालची आहे हे आधी बघा.

पहिली पायरी : कलम नीट लिहिणं

लवादाचं कलम लेखीच लागतं. ते करारात असू शकतं, वेगळ्या कागदावर असू शकतं, किंवा पत्रं आणि ई-मेल यांच्या देवाणघेवाणीतूनही सिद्ध होऊ शकतं. बाग देताना, होडीची भागीदारी करताना किंवा कंत्राट देताना पुढचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा चालतो :

"या कराराचा अर्थ, अंमलबजावणी, भंग किंवा समाप्ती यासंबंधी उभय पक्षांत कोणताही वाद निर्माण झाल्यास तो लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ अन्वये एकाच लवादाकडे अंतिम निर्णयासाठी सोपवला जाईल. लवाद उभय पक्षांच्या लेखी संमतीने नेमला जाईल. लवादाचे अधिकृत स्थळ रत्नागिरी राहील व कामकाज मराठीत चालेल. लवादाचा निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक राहील."

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. "सोपवला जाईल" याच्या जागी "सोपवता येईल" किंवा "दोघांना वाटल्यास सोपवला जाईल" असं लिहिलं की कलम मोडतं. पुढे पुन्हा संमती घ्यायची असेल तर तो लवाद करारच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं आहे. सवयीने "येईल" लिहिलं जातं आणि ऐन वेळी समोरचा "मला नाही वाटत" म्हणून मोकळा होतो.

"एकाच लवादाकडे" हे शब्दही मुद्दाम आहेत. गावात "त्यांचा एक, आमचा एक" अशी दोघांची बैठक बसवायची रीत आहे. कायदा सम संख्या मान्य करत नाही. दोघांची मतं फुटली की गाडी तिथेच अडते. तीन नेमता येतात, पण तिघांची फी आणि तिघांच्या तारखा जुळवताना हंगाम निघून जातो. पंचवीस-तीस लाखांच्या आतल्या वादाला एकच लवाद बरा.

अधिकृत स्थळ, ज्याला वकील "सीट" म्हणतात, ते कोणत्या कोर्टाची देखरेख राहील हे ठरवतं. स्थळ रत्नागिरी ठरवलं तरी बैठक बागेत, बंदरात किंवा व्हिडिओवर घेता येते. पण तिथे मुंबई किंवा चेन्नई लिहिलेलं असेल तर मनाई हुकूम मागायला तिथलंच कोर्ट गाठावं लागतं. वित्त कंपन्यांच्या छापील करारात हे बारीक अक्षरात असतं, सही करण्यापूर्वी वाचा.

पत्त्याचंही एक वाक्य घाला : दोघांचा टपालाचा पत्ता, ई-मेल आणि मोबाइल, आणि पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांत कळवण्याची अट. मालक मुंबईला, त्याची चाळ पुनर्विकासाला गेलेली, आणि नोटीस जुन्या पत्त्यावर फिरते आहे, हे इथे नेहमी घडतं. शेवटच्या माहीत पत्त्यावर रीतसर पाठवलेली नोटीस कायद्याने पोहोचली असं धरता येतं, पण त्यावर भांडण्यात चार महिने जातात.

महाराष्ट्रात अशा करारांना आता किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. बागेच्या भाडेपट्ट्यासारख्या दस्ताला जास्त लागू शकतो. मुद्रांक कमी पडला म्हणून लवादाचं कलम रद्द होत नाही, कारण ही भरून काढता येणारी उणीव आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १३ डिसेंबर २०२३ रोजी ठरवलं. तरी दंडासकट मुद्रांक भरावा लागतो, त्यामुळे आधीच भरलेला बरा.

करारात कलम नव्हतं आणि वाद आता उभा राहिला आहे? तर दोघांनी मिळून लवादनामा करायचा. त्यात दोघांची नावं-पत्ते, मूळ व्यवहार, वादाचे मुद्दे एक-दोन-तीन असे लिहून, लवादाचं नाव, फी, स्थळ, भाषा आणि दोघांच्या सह्या. मुद्दे मोघम लिहू नका. "बागेचा सगळा वाद" असं लिहिलं की एकाला खंडाची रक्कम अभिप्रेत असते आणि दुसऱ्याला कुंपण. लवादाने मुद्द्यांबाहेर जाऊन निर्णय दिला तर तेवढा भाग रद्द होऊ शकतो.

दुसरी पायरी : पुरावा नाहीसा व्हायच्या आत धरणं

आपल्याकडचा पुरावा नाशवंत असतो. मेच्या अखेरीस झाडावर आंबा उरत नाही. जूनच्या पावसात स्लॅबची गळती दिसते आणि दिवाळीला रंग दिला की ती झाकली जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना होडी किनाऱ्याला ओढलेली असते, इंजिन उघडून दाखवायला तीच वेळ चांगली. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेली की संधी गेली.

समजा, राजापूर तालुक्यात १४० आंबा-कलमांची बाग तीन हंगामांसाठी दिली आहे आणि मालकाचं म्हणणं आहे की करार घेणाऱ्याने न विचारता कल्टार (मोहोर आणण्यासाठी झाडाला घालतात ते रसायन) घातलं, म्हणून झाडं खालावली. घेणाऱ्याचं म्हणणं की थ्रीप्समुळे (फुलकिड्यांमुळे) मोहोर गेला, म्हणून उत्पन्नच आलं नाही. इथे "झाडं खराब झाली" आणि "पीक आलं नाही" ही दोन्ही वाक्यं लवादाच्या कामाची नाहीत. कामाचं आहे ते असं : प्रत्येक झाडाला रंगाने नंबर घालून तारखेसह काढलेले फोटो, फवारणीच्या औषधांची बिलं, वाशीच्या दलालाकडून आलेल्या पेटीवार पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद), राखणदाराच्या पगाराची नोंद, आणि बँकेत झालेल्या भरण्याचा उतारा. झाडाच्या अवस्थेवर तज्ज्ञाचं मत हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे लेखी विचारणा करता येते. लवाद स्वतःही तज्ज्ञ नेमू शकतो, आणि मग दोघांनाही त्या तज्ज्ञाला प्रश्न विचारायचा हक्क असतो.

समोरचा माल हलवण्याच्या, होडी विकण्याच्या किंवा झाडं तोडण्याच्या बेतात असेल तर लवाद नेमेपर्यंत थांबू नका. अधिनियमाच्या कलम ९ खाली जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम, कोर्ट कमिशनरची पाहणी किंवा रक्कम जमा करण्याचा आदेश मागता येतो. असा आदेश मिळाल्यावर ९० दिवसांत लवादाचं कामकाज सुरू करावं लागतं. आदेश मिळाला म्हणून स्वस्थ बसलेल्याचा आदेश हातचा जातो. लवाद एकदा बसला की असे आदेश तोही देऊ शकतो, आणि त्यांची अंमलबजावणी कोर्टाच्या आदेशाप्रमाणेच होते.

तिसरी पायरी : नोटीस

लवादाचं कामकाज सुरू झालं असं कायदा कधी मानतो? तुमची "वाद लवादाकडे न्या" ही मागणी समोरच्याच्या हाती पडते, त्या दिवशी. कराराच्या पैशाला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती याच तारखेपर्यंत मोजली जाते. म्हणून फोनवरचं बोलणं किंवा "बघू या गणपतीनंतर" यावर तीन वर्षं घालवू नका.

नोटिशीत कराराची तारीख आणि लवादाच्या कलमाचा क्रमांक द्या. वाद थोडक्यात सांगा, रक्कम आकड्यात लिहा, लवाद म्हणून एक-दोन नावं सुचवा आणि तीस दिवसांत उत्तर मागा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवा आणि तीच प्रत ई-मेल व व्हॉट्सअॅपवरही टाका. शिवीगाळ किंवा "बघून घेईन" अशी भाषा नको, हा कागद पुढे लवादासमोर वाचला जाणार आहे.

तीस दिवसांत समोरच्याने नावाला संमती दिली नाही तर उच्च न्यायालयात कलम ११ खाली अर्ज करून लवाद नेमून घेता येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या लोकांना यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. रायगडकरांना मुंबईच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. करारात लवादाचं कलम असताना समोरच्याने थेट दिवाणी दावा ठोकला, तर तुमची पहिली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्याआधी किंवा फार तर तिच्यासोबतच "हा वाद लवादाकडे पाठवा" असा अर्ज द्यायला हवा. आधी कैफियत देऊन नंतर आठवलं, तर तो हक्क गेला असंच समजा.

चौथी पायरी : माणूस निवडणं

लवाद वकील किंवा निवृत्त न्यायाधीशच असावा असं बंधन नाही. स्लॅबच्या वादाला स्थापत्य अभियंता, हिशेबाच्या वादाला सनदी लेखापाल, बागेच्या वादाला निवृत्त कृषी अधिकारी उत्तम काम करतात. पण निवाडा लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे. तांत्रिक माणूस निवडत असाल तर त्याने आधी कधी कारणांसह अहवाल किंवा निवाडा लिहिला आहे का, ते विचारा.

खरी अडचण नात्यांची. भावकीत आणि वाडीत कोण कोणाचा काहीच नाही असा माणूस मिळणं कठीण. नेमणुकीआधी लवादाने लेखी कळवायचं असतं की दोन्ही बाजूंशी, त्यांच्या धंद्याशी किंवा वादाच्या निकालाशी त्याचा आता किंवा पूर्वी काही संबंध होता का, आणि बारा महिन्यांत काम उरकायला त्याच्याकडे वेळ आहे का. अधिनियमाच्या सहाव्या अनुसूचीत त्याचा नमुना दिला आहे. जवळचा नातेवाईक, नोकर, सल्लागार अशांवर सातव्या अनुसूचीने बंदीच घातली आहे. ही बंदी उठवायची तर वाद उद्भवल्यानंतर दोघांनी स्पष्ट लेखी संमती द्यावी लागते. करारात आधीच लिहून ठेवलेली संमती चालत नाही. लांबचं नातं, एकाच सोसायटीचं सभासदत्व, जुनी ओळख या गोष्टींनी माणूस आपोआप बाद होत नाही. पण त्या लपवल्या तर पुढे संपूर्ण निवाडा धोक्यात येतो. सांगून टाकलं आणि दोघांनी "चालेल" लिहून दिलं की प्रश्न मिटला. हरकत असेल तर कारण कळल्यापासून पंधरा दिवसांत लेखी घ्यावी.

कर्जदार आणि जामीनदारांसाठी इथेच थोडं थांबतो. टेम्पोचं किंवा होडीच्या इंजिनाचं कर्ज थकलं की वित्त कंपनीचं पत्र येतं : "आम्ही अमुक यांना लवाद नेमलं आहे, तमुक तारखेला हजर राहा." निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नाकारलं आहे. म्हणून ते पत्र फाडून टाकू नका. लगेच लवादाला आणि कंपनीला लेखी कळवा की या एकतर्फी नेमणुकीला माझी संमती नाही. गप्प राहिलात तर निवाडा होतो, मग जप्तीची नोटीस येते, आणि तेव्हा तोच मुद्दा मांडणं कितीतरी महाग पडतं. नेमणूक बेकायदा असली तरी कर्ज बुडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

फी किती

अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत फीचा नमुना आहे. मागणी पाच लाखांपर्यंत असेल तर ४५,००० रुपये. पाच ते वीस लाखांत ४५,००० अधिक पाच लाखांवरच्या रकमेच्या साडेतीन टक्के. वीस लाख ते एक कोटीत ९७,५०० अधिक वीस लाखांवरच्या रकमेच्या तीन टक्के. एकच लवाद असेल तर त्यावर आणखी पंचवीस टक्के. आपल्या बागेचा वाद आठ लाखांचा धरला तर ४५,००० अधिक वरच्या तीन लाखांचे साडेतीन टक्के १०,५००, म्हणजे ५५,५००. त्यावर पंचवीस टक्के १३,८७५. एकूण ६९,३७५ रुपये, साधारणपणे दोघांत निम्मे-निम्मे आगाऊ जमा करायचे.

दोन लाखांच्या वादाला याच हिशेबाने ५६,२५० होतात, आणि ते परवडणारं नाही. हा तक्ता दोघांच्या करारावर लादलेला नाही. लवादाशी बोलून कमी, ठोक फी पहिल्याच बैठकीत लेखी ठरवा. मात्र लवाद स्वतःच्या मर्जीने एकतर्फी फी ठरवू शकत नाही, हेही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. वाद लाखभराच्या आतला असेल तर लवादाच्या फंदात पडूच नका, लोकअदालत गाठा.

पाचवी पायरी : कामकाज

पहिल्या बैठकीत वाद ऐकायचा नसतो. फी, तारखा, भाषा, कागद कसे द्यायचे, बैठक कुठे घ्यायची आणि टंकलेखनाचा खर्च कोणाचा, हे ठरवून त्याचा रोजनामा लिहायचा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. पुढच्या प्रत्येक बैठकीचा असाच रोजनामा ठेवायचा. तारीख, कोण हजर होतं, कोणते कागद दाखल झाले, काय ठरलं, एवढं पुरतं. निवाड्यावर हल्ला होतो तेव्हा "मला बोलूच दिलं नाही" हा आरोप याच चार ओळींनी खोटा पडतो.

मग मागणीदार आपलं मागणी-निवेदन देतो, सामनेवाला कैफियत देतो आणि असल्यास उलट मागणी मांडतो. हे सगळं लवादाला नेमणुकीची सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत संपवायचं असतं. लवादाला हा वाद ऐकायचा अधिकारच नाही असं म्हणायचं असेल तर ते कैफियतीपर्यंतच म्हणता येतं. त्यानंतर मुद्दे काढायचे, साक्षी प्रतिज्ञापत्रावर घ्यायच्या, समोरच्याला उलटतपास द्यायचा आणि शेवटी युक्तिवाद ऐकायचा. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा लवादाला जसेच्या तसे लागू नाहीत. त्यामुळे सातबाऱ्याच्या प्रतीवरून किंवा व्हॉट्सअॅपच्या छापील पानांवरून तारखा वाढवायचं कारण नाही. पण समोरच्याला तो कागद बघायला मिळालाच पाहिजे. साक्षीदार यायला तयार नसेल तर लवादाच्या परवानगीने कोर्टाकडून समन्स काढून घेता येतं.

सामनेवाला आलाच नाही तर? काम थांबत नाही. पण तो आला नाही म्हणून मागणी आपोआप मान्य झाली असंही होत नाही. लवादाने त्याला प्रत्येक तारखेची नोटीस द्यायची, मागणीदाराचा पुरावा तपासायचा आणि मग निवाडा करायचा. मागणीदारानेच निवेदन दिलं नाही तर मात्र कामकाज बंद होतं.

पहिल्यांदाच लवाद झालेल्या माणसाला पुढच्या गोष्टी सांगाव्याच लागतात. एका बाजूशी एकट्याने फोनवर वादाबद्दल बोलायचं नाही. कोणी आंब्याची पेटी घरी पाठवली तर ती परत करायची आणि तसं रोजनाम्यात लिहायचं. बाग किंवा घर बघायला जाताना दोघांना कळवून, शक्यतो दोघांना घेऊन जायचं, आणि तिथे एकाच्याच पडवीत चहाला बसायचं नाही. स्वतःला वाशीचा त्या वर्षीचा दर ठाऊक असला तरी तो मनातल्या मनात धरून हिशेब करायचा नाही. "माझ्या माहितीप्रमाणे दर असा होता, तुमचं म्हणणं काय?" असं दोघांना उघड विचारून, उत्तरं नोंदवून मगच तो वापरायचा. जे एका बाजूला दिसलं नाही ते निवाड्यात येता कामा नये.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे निम्म्यावर तोडणं. "आठ लाख मागतो, चार देऊन टाका, दोघांचंही राहील." पंचाला हे शोभतं, लवादाला कायदा ते करू देत नाही. दोघांनी स्पष्ट लेखी अधिकार दिला असेल तरच न्यायबुद्धीला पटेल तसं ठरवता येतं. नाहीतर करारात काय लिहिलं आहे आणि पुराव्यात काय शाबीत झालं, यावरच जायचं. पुरावा सहा लाख दहा हजारांचा असेल तर निवाडा सहा लाख दहा हजारांचा. मधेच दोघांची तडजोड झाली तर ती आनंदाने घ्या. तडजोडीप्रमाणे निवाडा लिहून दिला की त्यालाही तेवढीच ताकद येते.

सहावी पायरी : निवाडा

दोघांची निवेदनं पुरी झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा व्हायला हवा. दोघांच्या संमतीने सहा महिने वाढतात, त्यापुढे कोर्टाची परवानगी लागते. मुदत संपली आणि वाढवून घेतली नाही तर लवादाचा अधिकारच संपतो, म्हणून ही तारीख रोजनाम्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोघांना घाई असेल तर सहा महिन्यांची जलद पद्धत लेखी मान्य करता येते. त्यात सहसा तोंडी साक्षी घेत नाहीत, कागदांवरच निर्णय होतो. साध्या हिशेबाच्या वादाला ती छान बसते.

निवाडा लेखी, सहीचा, तारीख आणि स्थळ घातलेला, आणि कारणांसह हवा. प्रत्येक मुद्द्याखाली दोघांचं म्हणणं, पुरावा, निष्कर्ष आणि का, असं लिहावं. रक्कम, व्याजाचा दर, व्याज कोणत्या तारखेपासून, आणि खर्च कोणावर, हे आकड्यांत असावं. "योग्य ती रक्कम द्यावी" असा निवाडा वसूल करता येत नाही. निवाड्यावरही मुद्रांक लागतो, तेव्हा सही करण्याआधी चालू दर मुद्रांक कार्यालयात विचारून घ्या. सहीची प्रत प्रत्येक पक्षाला, म्हणजे नुसती वकिलाला नव्हे, पोहोच घेऊन द्यायची. पुढची सगळी मुदत त्या पोहोचेपासून मोजतात. आकडेमोडीची किंवा टंकलेखनाची चूक तीस दिवसांत अर्ज देऊन दुरुस्त होते.

त्यानंतर

निवाड्यावर साधं अपील नाही. तो रद्द करून घ्यायचा असेल तर प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत कलम ३४ खाली कोर्टात अर्ज करावा लागतो. सबळ कारण दाखवलं तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. कारणंही मोजकी आहेत : करारच अवैध, नोटीस मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, लवादाने कक्षेबाहेर निर्णय दिला, नेमणूक कराराप्रमाणे नव्हती, विषयच लवादाचा नव्हता, किंवा निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. "लवादाने साक्षीचा अर्थ चुकीचा लावला" एवढ्यावर कोर्ट सहसा हात घालत नाही. नुसता अर्ज केल्याने वसुली थांबतही नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाच्या निवाड्यात कोर्ट बहुधा रक्कम जमा करायला सांगतं.

मुदत गेली, पैसे आले नाहीत, तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करायची. ती मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट करता येते, आधी लवादाच्या स्थळाच्या कोर्टातून हलवून घ्यायची गरज नाही. समोरच्याचा फ्लॅट ठाण्यात आणि बँक खातं मुंबईत असेल तर दरखास्त तिकडेच करा. त्यासाठी त्याच्या मालमत्तेची यादी, खाते क्रमांक, गाडीचा किंवा होडीचा नोंदणी क्रमांक हे कराराच्या वेळीच टिपून ठेवलेलं उपयोगी पडतं.

निवाड्याने जमिनीची किंवा घराची वाटणी होत असेल तर एक काम उरतं, आणि तेच राहून जातं. स्थावर मालमत्तेत हक्क निर्माण करणारा निवाडा दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. तारखेपासून चार महिन्यांच्या आत तो सादर करा, मुद्रांक पुरेसा आहे ना हे तिथेच पडताळून घ्या, आणि नोंदणी झाल्यावर तिची प्रत जोडून गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे फेरफारासाठी अर्ज द्या. फेरफाराची नोटीस सर्व सहहिस्सेदारांना जाते, म्हणून मुंबई-पुण्यातल्या भावंडांचे चालू पत्ते अर्जासोबतच द्या.